'धुलाई नेहमीप्रमाणे': सुती ताणा, व्हिस्कोस बाणा आणि बिघडलेला एक लॉट

पार्श्वभूमी

इचलकरंजी भागातल्या एका प्रोसेस हाऊसची प्रयोगशाळा मी सांभाळत होतो, तेव्हाची ही हकीकत. नावं आणि तारखा वगळल्या आहेत. प्रक्रियेचे आकडे मात्र तसेच ठेवलेत, कारण त्यांच्याशिवाय हे प्रकरण कुणाच्या उपयोगाचं नाही.

आमच्याकडचा धंदा तीन हातांतून चालतो. व्यापारी सूत देतो, यंत्रमागधारक मजुरीवर विणून देतो आणि ग्रे कापड, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड, आमच्याकडे धुलाई-रंगाईला येतं. तिघांच्या मध्ये लेखी फारसं काही नसतं. माल बिघडला की ज्याची मजुरी अडकवणं सगळ्यात सोपं, त्याच्यावर पहिलं बोट जातं, आणि तो बहुतेक वेळा मागवालाच असतो.

कापड होतं ड्रेस मटेरियलचं. ताणा, म्हणजे उभे धागे, चाळीस नंबर सुती; बाणा, म्हणजे आडवे धागे, तीस नंबर व्हिस्कोस. ग्रे पन्हा ६३ इंच, तयार माल ५८ इंच हवा होता. पार्टीची मागणी एकच होती: गडद नेव्ही शेड, आणि ती 'सॉलिड'. म्हणजे ताणा फिका आणि बाणा गडद असा दुरंगीपणा नको. व्यापाऱ्याला व्हिस्कोसचा फॉल, म्हणजे अंगावरून लोळत पडण्याचा मऊपणा, हवा होता आणि सुताचा दमही हवा होता. त्याचं म्हणणं रास्त होतं. हा मेळ चांगला बसला तर कापड खरंच देखणं होतं.

अडचण अशी की रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या, म्हणजे तंतूशी रासायनिक बंधाने जोडल्या जाणाऱ्या रंगाच्या, एकाच कुंडात साधं सूत आणि व्हिस्कोस शेजारी ठेवले तर व्हिस्कोस जास्त रंग ओढतं. दोन्ही सेल्युलोजच, पण रचना वेगळी. सुतात स्फटिकी भाग जास्त आणि बांधणी घट्ट. व्हिस्कोस म्हणजे लाकडाचा लगदा विरघळवून पुन्हा धाग्याच्या रूपात आणलेला सेल्युलोज. १८९२ साली इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं. आपल्याकडे कल्याणजवळ शहाडला व्हिस्कोसचा सलग धागा निघत आला आहे, आणि मध्य प्रदेशात नागद्याला १९५४ पासून आखूड तंतू. या पुनर्जनित तंतूची बांधणी सैल असते, पाणी भरपूर शिरतं, पाण्यामागून रंग शिरतो.

ही दरी बुजवायचा जुना उपाय म्हणजे मर्सरायझिंग. सूत तीव्र कॉस्टिक सोड्यात फुगवायचं, ताणावर धरायचं आणि धुवायचं. त्याने सुताची रंग घेण्याची ताकद वाढते आणि ते व्हिस्कोसच्या जवळ येतं. जॉन मर्सरने १८५० मध्ये कॉस्टिकचं पेटंट घेतलं. चकाकीसाठी ताण हवा हे १८९० च्या सुमारास होरेस लोने दाखवलं. आमच्याकडे कापडाचे दोन्ही काठ चिमट्यांत धरून ताणत नेणारी, क्लिप-चेनची मर्सरायझिंग रेंज होती आणि ती रोज शंभर टक्के सुती माल काढायची: ५२ ट्वॉडल कॉस्टिक (ट्वॉडल हे द्रावणाच्या घनतेचं माप), म्हणजे वजनाने साधारण २४ टक्के, मग चेनवर फवारे, मग वॉशर, शेवटी अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने उदासीन करणं.

ऑक्टोबरमध्ये मी या कापडाची चाचणी घेतली होती. दीडशे मीटर काढलं, शेड बरी जुळली, बाण्याची ताकद थोडी उतरली पण चालण्यासारखी होती. जॉब कार्डावर मी कॉस्टिकची तीव्रता लिहिली, ताण लिहिला, वेग लिहिला. धुलाईच्या रकान्यात लिहिलं: 'नेहमीप्रमाणे'.

काय बिघडलं

मुख्य लॉट आला जानेवारीत, साधारण चार हजार मीटर. पहिले चौदाशे मीटर दिवसपाळीत निघाले आणि ठीक निघाले. उरलेला माल रात्रपाळीला गेला. त्या रात्री बॉयलरची एक नळी गळू लागली आणि वाफेचा दाब पडला. कापड रंगवायच्या जेट मशिनांत दुसऱ्या मालावर रंग चढत होता, तो मध्येच सोडता येत नव्हता. पाळीप्रमुखाने वाफ जेटना दिली आणि मर्सरायझिंगच्या फवाऱ्यांची, वॉशरची वाफ बंद केली. धुलाई गार पाण्यावर चालू राहिली.

त्याने चूक केली असं मी म्हणणार नाही. सुती मालावर हे आम्ही अनेकदा केलं होतं. गार पाण्याने कॉस्टिक सावकाश निघतं, पाणी जास्त लागतं, पण कापडाचं काही बिघडत नाही. 'नेहमीप्रमाणे' या शब्दात तेही बसत होतं.

सकाळी स्टेंटरवरून, म्हणजे कापड ताणून सुकवणाऱ्या यंत्रावरून, उतरलेलं कापड हातात घेतलं आणि मन धसकलं. व्हिस्कोसचा तो लोळता फॉल कुठेच नव्हता. खळ घातल्यासारखं कडक, चिमटीत धरलं तर घडी उभी राहत होती. पन्हा ५४ इंच. काठाला कात्रीने खाच मारून उभं फाडायला घेतलं, म्हणजे बाण्याचे धागे तुटायला हवेत असं. चांगलं कापड फाडताना चर्र आवाज येतो. हे जवळजवळ आवाज न करता सुटत गेलं. भिंगाखाली पाहिलं तर बाण्याच्या धाग्यातले तंतू सुटे दिसत नव्हते, एकमेकांना चिकटून पट्टी झालेली. सुती ताणा शेजारी नीट गोल, चकचकीत.

तोवर तीनशे मीटर नेव्हीत गेलेही होते. तिथे उलटाच खेळ झाला होता. ज्या दुरंगीपणासाठी एवढा खटाटोप केला तो आधीपेक्षा वाढला होता. बाणा जवळजवळ काळा, ताणा निळा.

दोष कुणाचा

व्यापाऱ्याने दुपारपर्यंत निकाल देऊन टाकला: बाण्याचं सूत कमजोर, मागवाल्याने बदललं असणार. त्याने मागवाल्याची आधीच्या दोन महिन्यांचीही मजुरी थांबवली. आमच्या मालकांना हे सोयीचं होतं, ते गप्प राहिले. मीही त्या दिवशी गप्प राहिलो. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त बोचतो तो हाच दिवस, कारण कापड पाहताच माझ्या मनात शंका आली होती.

मागवाला दुसऱ्या दिवशी स्वतः आला. पन्नाशीचा माणूस, आठ माग. हातात त्याच लॉटमधला वीतभर ग्रे तुकडा आणि दोन भरलेल्या कांड्या.

"साहेब, हेच सूत तीन महिने माझ्या मागावर चालतंय," तो म्हणाला. "कमजोर असतं तर कांडी भरतानाच तुटलं असतं. तुम्ही हे तपासा. कमजोर निघालं तर माझी मजुरी बुडाली म्हणून समजतो. पण तपासल्याबिगर बोलू नका."

तासाभरात तपासलं. ग्रे तुकड्याची बाण्याच्या दिशेने काढलेली पट्टी आणि आमच्या तयार मालाची पट्टी, दोन्ही ताकद-यंत्रावर लावल्या. तयार मालाची ताकद ग्रेच्या निम्म्याहूनही कमी. कांडीवरचं सूत अगदी ठणठणीत. ताण्याच्या दिशेला मात्र तयार माल ग्रेपेक्षा मजबूत निघाला, मर्सराइज केलेल्या सुताकडून जशी अपेक्षा असते तसाच. म्हणजे आमच्याच यंत्राने एका धाग्याचं भलं आणि दुसऱ्याचं वाटोळं, एकाच फेऱ्यात केलं होतं.

रात्रपाळीच्या फवाऱ्यांखालचं पातळ कॉस्टिक टाकीत साठलेलं होतंच. ते काचेच्या ग्लासात घेतलं. दिसायला स्वच्छ, किंचित पिवळसर, बोटाला नेहमीपेक्षा जास्त बुळबुळीत. त्यात थेंबथेंब आम्ल घातलं. उदासीन होण्याच्या सुमारास पाणी गढूळ झालं आणि पांढरे पुंजके खाली बसायला लागले. तो आमचा बाणा होता. कॉस्टिकमध्ये विरघळून गेलेला सेल्युलोज आम्लाने पुन्हा बाहेर पडत होता.

कापड कडक का झालं तेही तिथेच उमगलं. विरघळलेला सगळा सेल्युलोज पाण्याबरोबर गेला नव्हता. काही कापडातच अडकला, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या पेटीत जागच्या जागी घट्ट झाला आणि खळीसारखा तंतूंवर बसला. व्हिस्कोस बनवताना कारखान्यात जे होतं, अल्कलीतून आम्लात आणि पुन्हा घनरूप, तेच आमच्या वॉशरमध्ये नकळत घडलं होतं.

मालकांना मी लेखी दिलं की दोष प्रक्रियेत आहे, सुतात नाही. ते कागदावर यायला आणखी दोन दिवस गेले.

कॉस्टिक व्हिस्कोसला काय करतं

इथे थोडं थांबून रसायन सांगायला हवं, कारण ते सरळ अंदाजाच्या उलट चालतं. कुणालाही वाटेल की २४ टक्क्यांचं कॉस्टिक घातक आणि दहा टक्क्यांचं सौम्य. व्हिस्कोसच्या बाबतीत उलट आहे. त्याचा फुगवटा आणि विरघळणं सगळ्यात जास्त असतं आठ ते दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण १७ ते २२ ट्वॉडलच्या पट्ट्यात.

कारण पाण्यात आहे. सोडियमचा आयन एकटा तंतूत शिरत नाही, भोवती पाण्याचे रेणू घेऊन शिरतो. फार पातळ द्रावणात अल्कलीच एवढी कमी की सेल्युलोजच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सुटत नाहीत. फार तीव्र द्रावणात बंध सुटतात, पण प्रत्येक आयनाच्या वाट्याला पाणी थोडं येतं, त्यामुळे फुगवटा मर्यादित राहतो. मधल्या पट्ट्यात दोन्ही गोष्टी जुळून येतात: बंध सोडायला पुरेशी अल्कली आणि साखळ्या दूर ढकलायला भरपूर पाणी. घरातली जवळची गोष्ट सांगायची तर खारातली कैरीची फोड. कडक मिठात आकसून राहते, तीच साध्या पाण्यात टाकली की फुगते. कारण अगदी तेच नाही, पण चाल तशीच आहे.

मग सुताचं असं का होत नाही? साखळीच्या लांबीमुळे. सुताच्या एका साखळीत ग्लुकोजचे काही हजार दुवे असतात. व्हिस्कोसमध्ये साधारण तीनशेच्या आसपास. लगदा अल्कलीत भिजवून, मुरवून, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून विरघळवताना साखळ्या तुटत जातात, तेवढ्या आखूड झाल्याशिवाय द्रावण बारीक छिद्रांतून निघण्याइतकं पातळच होत नाही. आखूड साखळ्या आणि सैल बांधणी, म्हणून फुगल्यावर एकमेकींना धरून ठेवायला काही उरत नाही. साध्या पाण्यातही व्हिस्कोस ओलं झालं की जवळपास निम्मी ताकद गमावतं. सूत ओलं झाल्यावर उलट थोडं मजबूत होतं.

तापमान हा तिसरा खेळाडू. अल्कलीतलं हे फुगणं उष्णता बाहेर टाकणारं आहे, म्हणून गारव्यात ते वाढतं आणि गरम पाण्यात घटतं. आमच्या टाकीतलं पाणी जानेवारीच्या पहाटे हात बधिर करणारं होतं.

हे तिन्ही धागे जुळवले की रात्री काय झालं ते स्पष्ट दिसतं. कापड २४ टक्क्यांच्या कॉस्टिकमध्ये शिरलं तेव्हा बाण्याचं नुकसान माफक होतं. धुलाईत तीव्रता २४ वरून शून्याकडे जाते, आणि जाताना तिला दहा, नऊ, आठ टक्के ओलांडावेच लागतात. दिवसपाळीत गरम फवाऱ्याने हा टप्पा झटकन पार झाला. रात्री गार पाण्यात कॉस्टिक सावकाश निघालं आणि कापड त्या पट्ट्यात रेंगाळलं. त्यात भर म्हणजे आमचा पहिला फवारा ताज्या पाण्याचा नसतोच. कॉस्टिक वाचावं म्हणून मागच्या वॉशरचं पातळ कॉस्टिक पुढे फिरवलं जातं. सुतासाठी उत्तम काटकसर. व्हिस्कोसला मात्र आम्ही नेमक्या वाईट तीव्रतेच्या गार द्रावणाने आंघोळ घालत होतो.

नेव्हीत बाणा काळा का पडला, त्याचंही उत्तर यातच आहे. व्हिस्कोसच्या तंतूला बाहेरून घट्ट कवच असतं, कातताना आम्लाच्या कुंडातल्या झिंक सल्फेटमुळे ते तयार होतं. कॉस्टिकने कवच सैल पडलं की रंग आत धावतो. हे दरवेळी वाईट नसतं. शंभर टक्के व्हिस्कोसच्या छपाईआधी चार ते सहा टक्क्यांचं कॉस्टिक थोडा वेळ, कमी ताणावर देतात. रंग खुलतो आणि छपाईच्या पेस्टमधला युरिया कमी करता येतो. युरिया कमी म्हणजे सांडपाण्यातला नायट्रोजन कमी, आणि पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. रसायन तेच. तीव्रता, वेळ आणि ताण यांवर ते औषध होतं की विष, हे ठरतं.

समोर असलेले पर्याय

बिघडलेला माल परत सुधारणार नव्हता. तुटलेली साखळी जोडता येत नाही आणि गेलेला सेल्युलोज परत येत नाही. प्रश्न होता पुढच्या मालाचा, कारण व्यापाऱ्याची ऑर्डर उभी होती आणि मागावर बीम चढलेलं होतं.

पहिला विचार मर्सरायझिंग सोडूनच देण्याचा. रंग आणि मीठ निवडून दुरंगीपणा झाकायचा. फिक्या आणि मध्यम शेडला हे जमतं. गडद नेव्हीला आम्ही चार वेगवेगळे रंगसंच लावून पाहिले. एकात फरक बराच कमी झाला, तरी उन्हात धरल्यावर ताणा उठून दिसत होता.

डाईंग मास्तरांनी सुचवलं की कॉस्टिकच पातळ करू, ५२ ऐवजी २० ट्वॉडल, म्हणजे व्हिस्कोसला त्रास कमी. अनुभवी माणूस, आणि सूचना ऐकायला अगदी शहाणपणाची. पण २० ट्वॉडल म्हणजे नेमका तो वाईट पट्टा, आणि तेवढ्या तीव्रतेला सुताचं धड मर्सरायझिंगही होत नाही. मी तोंडी वाद घातला नाही. दोघांनी मिळून बीकरमध्ये पाहिलं, ते पुढे सांगतो.

कॉस्टिक पोटॅश हा तिसरा मार्ग. पोटॅशियमचा आयन आपल्याभोवती पाणी कमी बाळगतो, त्यामुळे व्हिस्कोस त्यात कमी फुगतं. लिथियमचं नेमकं उलट. सोड्यात थोडं पोटॅश मिसळून किंवा मीठ घालून व्हिस्कोस वाचवण्याच्या रीती जुन्या आहेत. पोटॅश महाग, आणि आमचा कॉस्टिक परत मिळवण्याचा प्लांट फक्त सोड्यासाठी चालणारा. त्यात पोटॅश गेलं की सुती मालाचं गणित बिघडणार. मिठाचं तर त्याहून वाईट. परत मिळवलेल्या कॉस्टिकमध्ये ते साठत जातं, आणि सांडपाण्यातले क्षार आधीच आमच्या डोक्यावर बसलेले.

चौथा मार्ग मला मनापासून आवडलेला: ताण्याचं सूत आधीच, विणण्यापूर्वी, मर्सराइज करून घ्यायचं. मग कापड कॉस्टिकमध्ये घालायचं कारणच उरत नाही. व्यापाऱ्याने सुताचा भाव विचारला आणि विषय मिटवला.

उरला पाचवा. कॉस्टिक तेच, ताण तोच, फक्त बाहेर पडायची वाट बदलायची: पहिल्या फवाऱ्यापासून कडक गरम, ताजं पाणी. खर्च दोन ठिकाणी. वाफ, आणि जास्त पातळ झालेलं परतीचं कॉस्टिक, जे आटवायला आणखी वाफ.

केलेली कृती

आधी बीकर. बाण्याच्या सुताच्या छोट्या लडी करून दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा, सोळा, वीस आणि चोवीस टक्के कॉस्टिकमध्ये प्रत्येकी एक मिनिट ठेवल्या. एक संच गार पाण्यात ठेवलेल्या बीकरचा, दुसरा ६० अंशांचा. मास्तर शेजारी उभे होते. गार संचातली दहा टक्क्यांची लड चिमट्याने उचलली तेव्हा ती सुतासारखी लोंबली नाही, साबुदाण्याच्या खिरीसारखी पारदर्शक होऊन ओघळली. चोवीसची लड आकसलेली, पण धरण्याजोगी. मास्तरांनी दोन्ही लडी हातमोज्याच्या बोटांत चोळून पाहिल्या आणि म्हणाले, "म्हणजे मी सांगत होतो ते केलं असतं तर उरलेलंही गेलं असतं." त्या दिवसापासून माझ्याइतकेच तेही या प्रयोगाचे धनी झाले. ६० अंशांच्या संचात दहा टक्क्यांचीही लड फुगली होती, पण सूत म्हणून ओळखू येत होती.

मग खरा प्रश्न. चोवीस टक्क्यांतल्या चार लडी काढल्या. दोन सरळ गार पाण्यात, दोन उकळत्या पाण्यात. गार पाण्यातल्या दोन्ही, पाण्यात गेल्यावर काही सेकंदांनी बुळबुळीत झाल्या. उकळत्या पाण्यातल्या कडक राहिल्या. सुकवून तोडल्या तेव्हा फरक हातालाच कळत होता, यंत्राची गरज नव्हती.

यंत्रावर पन्नास मीटर काढले. पहिल्या फवाऱ्याला मागच्या वॉशरचं पातळ कॉस्टिक बंद, त्याऐवजी ताजं पाणी ८५ अंशांना. चेनवर पन्हा ओढून धरलेला, कारण सुताचा ताण धुलाई पूर्ण होण्याआधी सोडला तर ते आकसतं. पण व्हिस्कोस फुगलेलं असताना जबरदस्तीने ओढलं तर तेही इजा करतं, म्हणून पन्ह्याची ओढ एक इंचाने कमी ठेवली. इथे नेमका आकडा पुस्तकात सापडत नाही, क्लिपजवळ उभं राहून कापडाचा काठ बघूनच ठरवावा लागतो. उदासीन करायच्या आधी फिनॉल्फ्थॅलीनचा (अल्कली उरली असेल तर गुलाबी होणाऱ्या रसायनाचा) थेंब टाकून पाहायचा, गुलाबी आला तर अ‍ॅसिडच्या पेटीत पाठवायचं नाही, पुन्हा गरम धुवायचं. यामागचा हेतू हा की कापडात विरघळलेलं काही उरलं असेल तर ते आम्लाने जागेवर घट्ट होण्याआधी निघून जावं.

आणि एक गोष्ट यंत्राबाहेरची. फवाऱ्याच्या पाइपवर तापमापक बसवला आणि रेंजच्या माणसाला लेखी अधिकार दिला: काटा ७५ च्या खाली गेला की व्हिस्कोस असलेलं कापड आत घालायचं नाही, सुती माल लावायचा. पाळीप्रमुखाला विचारत बसायचं नाही. मालकांना हे पचायला वेळ लागला. यंत्र थांबवण्याचा निर्णय कामगाराच्या हातात देणं आमच्याकडे नवं होतं.

निष्पत्ती

उरलेल्या ऑर्डरचं कापड फेब्रुवारीत निघालं. पन्हा ५७ इंच, मागितलेल्यापेक्षा इंचभर कमी, पार्टीने तो स्वीकारला. बाण्याची ताकद ग्रेपेक्षा कमीच राहिली, पण शिवणीवर न उसवण्याइतकी होती. फॉल परत आला. नेव्हीत ताणा-बाणा पूर्ण एक झाले नाहीत. वीतभर अंतरावरून फरक दिसायचा, हातभरावरून नाही. ज्या रंगसंचात फरक सगळ्यात कमी दिसला होता तोच वापरला, म्हणजे पहिला आणि पाचवा पर्याय शेवटी एकत्रच आले.

खर्च वाढला. परतीचं कॉस्टिक पातळ झाल्यामुळे आटवण्याचा भार वाढला आणि मालकांनी या कापडाचा मजुरीदर वाढवून मागितला. व्यापाऱ्याने अर्धी वाढ दिली.

बिघडलेल्या मालापैकी थोडा अस्तर म्हणून गेला, बाकी चिंधीच्या भावात. नुकसानीचा मोठा वाटा प्रोसेस हाऊसने उचलला. मागवाल्याची अडकलेली मजुरी मिळाली, पण सात आठवड्यांनी. त्या सात आठवड्यांत त्याने दोन माग बंद ठेवले होते, चालवायला पैसे नव्हते म्हणून. हे नुकसान कुणाच्याच हिशेबात आलं नाही आणि त्याला कुणी भरूनही दिलं नाही.

आता वेगळं काय करेन

ऑक्टोबरची माझी चाचणी अपुरी होती. मी ती दिवसा, पुरेशा वाफेवर, कोमट हवेत घेतली आणि निकाल सगळ्या ऋतूंना लावला. आज मी तीच चाचणी मुद्दाम वाईट परिस्थितीत घेईन: वाफ बंद, पाणी गार, यंत्र मध्येच पाच मिनिटं थांबवलेलं. चांगल्या परिस्थितीत कापड टिकतं हे कळून फारसं हाती लागत नाही. ते कुठे मोडतं हे लॉट लावायच्या आधी कळलं पाहिजे.

दुसरं, बाण्याची ताकद 'थोडी उतरली' हे मी ऑक्टोबरमध्येच पाहिलं होतं आणि चालण्यासारखी म्हणून सोडून दिलं. का उतरली हे विचारलं असतं तर ग्लासातला तो आम्लाचा थेंब तीन महिने आधी पडला असता. त्या तपासाला दहा मिनिटं लागतात.

पाळीप्रमुखाच्या निर्णयाकडे मी अनेकदा परत गेलोय. जेटमधला रंग अर्धवट सोडला असता तर तिथेही मोठं नुकसान होतं, वाफ जेटना देणं बरोबरच होतं. त्याच्यासमोर खरा पर्याय मर्सरायझिंग रेंज थांबवण्याचा होता, आणि कार्डावर तसं सांगणारी एकही ओळ नव्हती. आत बाणा कसला आहे हेही कार्डावर नव्हतं, फक्त कापडाचा क्वालिटी नंबर होता. आता प्रत्येक कार्डावर ताणा आणि बाणा कशाचा हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात असतं.

गप्प राहिलो त्या दिवसाबद्दल: मालकांची परवानगी न घेता व्यापाऱ्याला एवढं तरी सांगता आलं असतं की तपास होईपर्यंत मजुरी अडवू नका. ते माझ्या अखत्यारीत होतं. आता माल बिघडला की पहिल्याच तासात ग्रे आणि तयार, दोन्ही पट्ट्या यंत्रावर जातात, आणि तो आकडा तिघांनाही एकाच वेळी कळवला जातो.

या वर्षी तोच व्यापारी बाण्याला लायोसेल, म्हणजे व्हिस्कोससारखाच पुनर्जनित सेल्युलोजचा दुसरा तंतू, लावायचं म्हणतोय. त्याच्या साखळ्या व्हिस्कोसपेक्षा लांब, पाचशे-सहाशे दुव्यांच्या. ओलं असतानाही तो आपली बहुतेक ताकद राखतो. कॉस्टिकमध्ये तो विरघळणार नाही असं मला वाटतं, पण फुगवट्याचा कळस त्याचाही त्याच दहा टक्क्यांच्या आसपास येतो, आणि ओल्या घर्षणात त्याच्या अंगाचे बारीक तंतुक सुटून कापडावर पांढरट लव येते, ती कटकट वेगळी. मागवाल्याने दोन कांड्या पाठवल्यात, सोबत ग्रेचा वीतभर तुकडा, त्यावर पेनाने तारीख आणि सही. नऊ बीकर परत मांडलेत, गार संच बर्फाच्या पाण्यात.